बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक

दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, कोणता विषय घेतला तर मुलाचे भले होईल? प्रश्न जुनाच आहे, पण त्याचे उत्तर दर पिढीला बदलत आले आहे. मराठवाड्यात बरीच वर्षे राहिलेल्या मौलवी अब्दुल हक यांच्या चरित्रातून हे चांगले कळते.

त्यांचा जन्म १८७० च्या सुमारास मेरठकडील हापूड भागात झाला. अलीगढला सर सय्यद यांच्या कॉलेजातून ते १८९४ साली बी. ए. झाले. त्यांच्या बालपणी विद्वत्तेचा मान फारसीला होता. उर्दू ही बोलण्याची, शेरोशायरीची भाषा. तिच्यातून शास्त्रे शिकवता येतील असे फार थोड्यांना वाटे. पुढे हैदराबाद संस्थानचा कारभार फारसीतून उर्दूत आला आणि फारसीचा भाव उतरला.

शिक्षण खात्यातील नोकरीमुळे मौलवीसाहेब औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले. १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव होऊन त्यांनी संस्थेचे काम तेथूनच चालविले. १९१७ साली हैदराबादेत भाषांतर विभाग निघाला, त्याचे ते पहिले प्रमुख. गणित, रसायन, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आली. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ या पुस्तकांच्या बळावर उर्दू माध्यमातून चालले.

मात्र आपल्या हिंगोली-परभणीकडील मराठी घरांतील मुलांनाही हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे, ही त्यांची अडचण खरी होती. १९४८ नंतर काळ पुन्हा फिरला. विद्यापीठात इंग्रजी आली, आपल्या शाळांत मराठीला मान मिळाला. मौलवीसाहेब फाळणीनंतर कराचीला गेले व तेथेच १६ ऑगस्ट १९६१ रोजी वारले.

या उर्दूच्या सेवकाने मराठीवरील फारसीच्या प्रभावावरही पुस्तक लिहिले, हे विशेष. फारसीचा तास आपल्या शाळांतून गेला. पण दप्तर, कागद आणि शाई हे तिचेच शब्द मराठी मुलांच्या तोंडी राहिले.

पालकहो, विषयाचा भाव सरकार आणि नोकरीचा बाजार ठरवितो, आणि तो बदलतो. मेहनतीने मिळविलेली विद्या मात्र वाया जात नाही. म्हणून मुलाने आवडीने घेतलेल्या विषयाला हलका म्हणू नका. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही जो विषय घ्याल तो मन लावून शिका.