हायडनची पहिली चौकडी

मराठीत ‘चौकडी’ म्हटले की मनात शंकेची पाल चुकचुकते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र चौघांच्या मेळाला मानाचे स्थान आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या ‘स्ट्रिंग क्वार्टेट’चा जनक म्हणून जोसेफ हायडनचे नाव घेतले जाते. तो या रचनेकडे वळला तो मात्र योगायोगाने.

३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोहराऊ या खेड्यात, गाड्यांची चाके बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. गोड गळ्यामुळे बालवयातच व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायकवृंदात त्याला प्रवेश मिळाला. पुढे आवाज फुटला आणि १७४९च्या सुमारास त्याला बाहेरची वाट दाखविण्यात आली. हाती पैसा नव्हता. माळ्यावरच्या खोलीत राहून त्याने शिकवण्या केल्या, रात्री रस्त्यांवर वाद्ये वाजविली. पोर्पोरा या इटालियन संगीतगुरूच्या घरी पडेल ते काम करीत रचनाशास्त्र शिकला.

१७५७च्या सुमारास बॅरन फुर्नबेर्ग या संगीतप्रेमी सरदाराने त्याला वाइन्त्सिएर्ल येथील आपल्या वाड्यावर बोलाविले. वाजविणारे होते चौघेच: गावचा पाद्री, जहागिरीचा कारभारी, अल्ब्रेख्ट्सबेर्गर नावाचा चेलोवादक आणि स्वतः हायडन. या चौघांना वाजविता येईल असे काही लिहावे, एवढीच यजमानाची इच्छा होती. चार तंतुवाद्यांसाठी पूर्वी कोणी लिहिलेच नव्हते असे नाही; पण हायडनच्या रचनांनी या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली. त्यांत पाच भाग असत, त्यांपैकी दोन ‘मिन्युएट’ नृत्याच्या चालीचे. पहिलीच रचना शिकारीच्या शिंगांची आठवण करून देते. हे संगीत हलकेफुलके, करमणुकीचे आहे. त्यात पुढची खोली शोधणे उगाच ठरेल. परंतु याच फुर्नबेर्गच्या शिफारशीने त्याला काउंट मोर्त्सिनकडे नोकरी मिळाली आणि पोटाची विवंचना मिटली.

१७६१मध्ये तो एस्टरहाझी घराण्याच्या सेवेत रुजू झाला. १७७२च्या आणि १७८१च्या संचांत चारही वाद्ये बरोबरीने बोलू लागली. ते ऐकून प्रभावित झालेल्या मोझार्टने १७८५मध्ये आपल्या सहा रचना त्यालाच अर्पण केल्या.

१८०३मध्ये घेतलेल्या अखेरच्या क्वार्टेटचे दोनच भाग पुरे झाले. १८०६मध्ये ते तसेच प्रसिद्ध झाले तेव्हा उरलेल्या भागांच्या जागी, आपली शक्ती सरल्याचे कळविणारे हायडनचे भेटकार्ड छापण्यात आले. ३१ मे १८०९ रोजी, फ्रेंच फौजांच्या ताब्यातील व्हिएन्नात, त्याचे निधन झाले.