हरवलेल्या ग्रहाचा माग काढणारा गाऊस

गाऊस आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो गणितात, मग फिजिक्समध्ये, मग न्युमरिकल मेथड्समध्ये. जिकडे जावं तिकडे हा गृहस्थ हजर! परीक्षेपुरता मीही त्याला ओळखत होतो. पण सेमिनारसाठी अवकाशातल्या कचऱ्याचा विषय घेतला आणि तिथेही तोच भेटला. तेव्हा म्हटलं, या माणसाची एकदा नीट ओळख करून घ्यावी.

कार्ल फ्रीड्रिश गाऊस ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला जन्मला. घरची परिस्थिती बेताची. वडील गवंडीकाम, बागकाम, मिळेल ते करायचे. आईला लिहिता येत नव्हतं. मुलाचा जन्म बुधवारी, स्वर्गारोहणाच्या सणाच्या आठ दिवस आधी झाला, एवढंच तिच्या लक्षात होतं. तो सण ईस्टरवर अवलंबून असतो. पुढे पोराने ईस्टरची तारीख काढायचं सूत्रच तयार केलं! तिथल्या ड्यूकने हुशारी पाहून शिक्षणाचा खर्च उचलला, नाहीतर गाऊसही कुठेतरी विटा रचत बसला असता.

१ जानेवारी १८०१ ला इटलीत पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झीला एक नवा ठिपका दिसला. हाच सेरेस, ज्याला आज आपण बटुग्रह म्हणतो. ११ फेब्रुवारीपर्यंत त्याने वेध घेतले, मग तो आजारी पडला, आणि सेरेस सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. ४१ दिवसांत तो आकाशात जेमतेम ३ अंश सरकला होता. एवढ्याशा तुकड्यावरून अख्खी कक्षा कशी काढणार? दुर्बिणीतून दिशा कळते, अंतर नाही. मोठमोठ्यांचे अंदाज चुकले.

२४ वर्षांच्या गाऊसने हे गणित हातात घेतलं. कक्षा पक्की करायला सहा आकडे लागतात. एका वेधातून दोन कोन मिळतात, म्हणजे तीन वेधांतून सहा. विचार एवढा सरळ, पण समीकरणं सोडवताना भल्याभल्यांचा घाम निघेल. त्याने हाताने आकडेमोड करून आकाशातली जागा सांगितली. ती इतरांनी सांगितलेल्या जागांपासून बरीच दूर होती. १८०१ संपता संपता फॉन झाख आणि लगेच ओल्बर्स यांना सेरेस त्याच भागात सापडला.

आता बरोबर २०० वर्षं पुढे या. २२ ऑक्टोबर २००१ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ गेलं. उपग्रह सोडून रिकामा झालेला चौथा टप्पा कक्षेतच फिरत होता. १९ डिसेंबरला तो फुटला आणि ३०० हून जास्त तुकडे झाले. असा तुकडा सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जातो. रडारसमोरून काही मिनिटांत गेला की क्षितिजाखाली गडप. पुढच्या फेरीत तो कुठे उगवेल हे सांगता आलं नाही, तर तो हरवला. आणि हरवलेला तुकडा चालू उपग्रहावर कधी आदळेल याचा नेम नाही. रडार निदान अंतरही सांगतं. दुर्बिणीने वेध घेतले तर पुन्हा फक्त कोनच हाती, म्हणजे प्रश्न तोच आणि कक्षेच्या पुस्तकात पद्धतही गाऊसचीच. फक्त सूर्याच्या जागी पृथ्वी ठेवायची.

आश्रयदाता ड्यूक १८०६ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन गेला. १८०७ मध्ये गाऊस ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा संचालक झाला. १८०९ मध्ये त्याचा कक्षांवरचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी बायको योहाना वारली. लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत लेजांद्रने १८०५ मध्येच छापली होती. आपण ती १७९५ पासून वापरतोय असं गाऊसने म्हटल्यावर वाद झाला तो झालाच. पुढे जमिनीची मोजणी, चुंबकत्व, वेबरबरोबर १८३३ मध्ये तारायंत्र, असं काम २३ फेब्रुवारी १८५५ ला मृत्यू येईपर्यंत चालूच राहिलं.

मित्रहो, आपल्याकडे जर्नलमध्ये रीडिंग ‘बसवायची’ पद्धत आहे. ग्राफवरचा एखादा बिंदू लाइनबाहेर गेला की खोडरबर तयार! गाऊसने नेमकं उलटं शिकवलं. प्रत्येक वेधात चूक असणारच, ती पुसायची नाही, तिचा हिशोब ठेवायचा. तुकड्याची कक्षा काढणारे आजही प्रत्येक उत्तरासोबत चुकीची शक्यता लिहितात, आणि उपग्रह बाजूला घ्यायचा की नाही हे त्यावरूनच ठरतं. तिथे कोणी रीडिंग बसवली तर सबमिशन होईलही, पण उपग्रह वाचणार नाही.