दुःखिताचा दोष कोणता?

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले; पुढे त्या मातेने रमाबाईंना शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करीत असे. दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा शास्त्रीबुवांनी उरलेले द्रव्य दानधर्मात व देवतांच्या आराधनेत वेचले. तरीही आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. तेविसाव्या वर्षी, पदरी तान्ही मनोरमा असताना, त्यांना वैधव्य आले.

पतीचे मरण हे विधवेच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी त्या काळी समजूत होती. कर्मसिद्धान्त मनुष्याला स्वतःच्या आचरणाची जबाबदारी शिकवितो. रूढीने मात्र त्याचे दुःखितावरील आरोपपत्र केले. भूतदया सांगणारे संत याच भूमीत झाले, पण त्या दयेतील फारच थोडी विधवेच्या वाट्याला आली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनमध्ये ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देत. त्यांतील काही जणी आता स्वतःच रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. ख्रिस्ती मतानुसार पाप हा सर्वच मानवांच्या स्वभावाचा भाग असल्याने आश्रय देणारी आणि घेणारी, दोघींनाही एकाच कृपेची गरज असते. येशूने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणाची कथा वाचल्यावर रमाबाईंना हा विचार मनोमन पटला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चची सर्व मते त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी तेथील शिक्षिकांशी दीर्घ वाद केला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले; पुढे ते पुण्यास हलविले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, या तक्रारीवरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही तक्रार अगदीच निराधार नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील भुकेलेल्या मुलींत त्यांना आपलेच बालपण दिसले. त्यांना त्यांनी पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती सदनात आणले. शेती, विणकाम, छपाई असे उद्योग तेथे मुली शिकल्या. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी रमाबाईंनी स्वतंत्र निवास उभारला आणि त्याला नाव दिले ‘कृपा सदन’. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले.