मुंगीच्या अळीत समाजाचे मूळ शोधणारे व्हीलर

वारूळ फुटले की कामकरी मुंग्या आधी पांढऱ्या अळ्या उचलून पळतात. ना पाय, ना डोळे. मग या अळ्यांसाठी एवढी धडपड का? अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर (१८६५–१९३७) यांनी याचे उत्तर अळीच्या शरीरातच शोधले.

मिलवॉकीत जन्मलेले व्हीलर आधी कीटकांच्या भ्रूणांचा अभ्यास करत. टेक्सास विद्यापीठात असताना ते मुंग्यांकडे वळले. १९०८ मध्ये ते हार्वर्डमध्ये गेले.

काँगोतून आलेल्या काही अळ्यांच्या तोंडाभोवती त्यांना बोटांसारखे उंचवटे दिसले. त्यांतून पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात, असा निष्कर्ष त्यांनी १९१८ मध्ये मांडला. म्हणजे अळी नुसती खात नाही, देतेही! या देवाणघेवाणीला त्यांनी ‘ट्रोफॅलॅक्सिस’ हे नाव दिले. हीच देवाणघेवाण मुंग्यांचा समाज बांधून ठेवते, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे त्यांचे विद्यार्थी जॉर्ज व्हीलर (आडनाव एकच, नाते नाही) यांनी पत्नी जॅनेट यांच्यासह शरीराचा आकार, केस आणि जबडे पाहून अळ्यांचे वर्गीकरण केले. त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये आला. त्यामुळे मुंगीचे कूळ ठरवताना अळीचीही साक्ष काढता येऊ लागली.