टस्कीगीचे शिल्पकार : बुकर टी. वॉशिंग्टन

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे टस्कीगी हे नाव मराठी वाचकांना परिचित झाले. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांना १८९६ साली तेथे बोलावून घेणारे प्राचार्य म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. कार्व्हर यांच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव आपल्याकडे काहीसे मागे राहिले. परंतु ती संस्था उभी करण्यासाठी या पुरुषाने ३४ वर्षे जे सोसले, ते संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

१८५६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, गुलामगिरीत असलेल्या मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पित्याची ओळख त्यांना कधीच लाभली नाही. १८६५ मध्ये दास्यमुक्ती झाली. पण मुक्ती पदरी पडली तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. बालवयातच त्यांना मिठाच्या भट्टीवर आणि पुढे कोळशाच्या खाणीत राबावे लागले. हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी विद्यालय आहे, एवढे कानांवर पडताच १८७२ साली ते सुमारे ५०० मैलांच्या प्रवासास निघाले. तेथे प्रवेशपरीक्षा म्हणून त्यांना एक खोली झाडावयास सांगण्यात आली. त्यांनी ती तीनदा झाडली, चार वेळा पुसली आणि प्रवेश मिळविला.

टस्कीगी संस्थेचा जन्म मात्र एका राजकीय सौद्यातून झाला. ॲलाबामातील एका श्वेतवर्णीय उमेदवारास कृष्णवर्णीयांची मते हवी होती. पूर्वी गुलाम असलेले कुशल कारागीर लुईस ॲडम्स यांनी मतांच्या बदल्यात स्वतःसाठी काही न मागता विद्यालय मागितले. राज्याने वार्षिक २,००० डॉलर मंजूर केले, परंतु केवळ शिक्षकांच्या वेतनासाठी. जागा नाही, इमारत नाही! अशा स्थितीत ४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. छप्पर एवढे गळके, की पावसात एखाद्या विद्यार्थ्याने गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरावी आणि गुरुजींनी पाठ ऐकावा.

लवकरच १०० एकरांचा एक पडीक मळा ५०० डॉलरना ठरला. निम्मी रक्कम हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून उसनी दिली. उरलेल्या रकमेसाठी सहशिक्षिका ऑलिव्हिया डेव्हिडसन घरोघर फिरल्या. पुढे त्या वॉशिंग्टन यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. एके दिवशी गुलामीत आयुष्य घालविलेली एक वृद्धा फाटक्या पण स्वच्छ वस्त्रांत आली आणि सहा अंडी संस्थेस देऊन गेली. पुढे लक्षावधी डॉलरच्या देणग्या स्वीकारूनही वॉशिंग्टन यांना ते दान विसरता आले नाही.

इमारतीसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडावयाच्या असे ठरले. एकामागून एक तीन भट्ट्या फसल्या. पैसे संपले, सहकारी खचले. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली, घड्याळ मात्र परत मिळाले नाही.

त्यानंतर वर्षातील अनेक महिने उत्तरेकडील धनिकांच्या दारी जाऊ लागले. रेल्वेसम्राट हंटिंग्टन यांनी प्रथम अवघे दोन डॉलर दिले, कालांतराने ५०,००० दिले. १९०३ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी ६ लाख डॉलरची देणगी दिली. परंतु दात्याची मर्जी राखणे हीदेखील एक किंमत असते. १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात वॉशिंग्टन यांनी आधी हस्तोद्योग व अर्थार्जन, राजकीय व सामाजिक समतेचा आग्रह नंतर, अशी भूमिका मांडली. धनिक प्रसन्न झाले. विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी मात्र १९०३ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. ती निराधार नव्हती. देणग्यांचा ओघ हस्तोद्योगाकडे वळला, उच्च ज्ञान देणारी कृष्णवर्णीय महाविद्यालये उपेक्षित राहिली आणि मताधिकार तर हिरावले जातच होते. त्याच वेळी हेच वॉशिंग्टन मताधिकाराच्या न्यायालयीन लढ्यांना गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आले. ही दुटप्पी वृत्ती म्हणावी की संस्था जगविण्याची अगतिकता? प्रस्तुत लेखकाचा कौल अगतिकतेकडे आहे. तथापि त्या मौनाची झळ ज्यांना बसली, त्यांचा कौल वेगळा असू शकतो.

१९१२ साली उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड टस्कीगीचे विश्वस्त झाले. वॉशिंग्टन यांच्या सूचनेवरून त्यांनी ग्रामीण शाळांना साहाय्य सुरू केले. मात्र गावकऱ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे, अशी अट होती. निर्धन कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी पैसा, लाकूड, श्रम, जे जमेल ते दिले. १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या.

ते पाहण्यास वॉशिंग्टन नव्हते. अविश्रांत भ्रमंतीने देह झिजला होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा त्यांनी घरी नेण्याचा हट्ट धरला. आगगाडीने टस्कीगीस पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर रोजी, त्यांनी देह ठेवला. संस्थेच्या आवारातच, विद्यार्थ्यांनी विटांनी बांधलेल्या समाधीत त्यांना विसावा देण्यात आला.