सलग १० वेळा वर्ल्ड चॅम्पियन, ३ ऑलिम्पिक गोल्ड, पण एका सॅल्युटमुळे देश नाराज झाला

१९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं विंटर ऑलिम्पिक भरलं. महिलांच्या फिगर स्केटिंगमध्ये ८ जणी उतरल्या होत्या आणि त्यातली नॉर्वेची एक पोरगी फक्त ११ वर्षांची होती. म्हणतात की, परफॉर्मन्स चालू असताना ती मध्येच कडेला यायची आणि पुढं काय करायचं ते कोचला विचारायची. निकाल लागला तेव्हा तिचा नंबर आठवा होता. म्हणजे शेवटचा.

त्यानंतरची सलग तीन विंटर ऑलिम्पिक मात्र याच पोरीने मारली. तिचं नाव सोन्या हेनी.

सोन्याचा जन्म १९१२ चा, ओस्लोचा. वडील विल्हेल्म हेनी फरचे व्यापारी आणि तरुणपणी सायकलिंगचे वर्ल्ड चॅम्पियन. घरात पैसा होता आणि खेळाचं वेडही. त्यांनी पोरीसाठी चांगले कोच लावले, बॅले शिकवलं.

१९२७ ला ओस्लोतच वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि १४ वर्षांची सोन्या जिंकली. पण पाच जजपैकी तिघे नॉर्वेचेच होते आणि तिघांनीही तिला पहिला नंबर दिला होता. उरलेल्या दोघांच्या मते ऑस्ट्रियाची हेर्मा साबो सरस होती, आणि ती काही साधीसुधी खेळाडू नव्हती, त्याआधीची सलग ५ टायटल तिच्या नावावर होती. एवढा वाद झाला की पुढं एका देशाचा एकच जज असा नियम आला.

नियम बदलला तरी सोन्याच जिंकत राहिली. १९२७ ते १९३६, सलग १० वर्ल्ड टायटल. १९२८, १९३२ आणि १९३६ ला ऑलिम्पिक गोल्ड. महिला सिंगल्समध्ये सलग तीन गोल्ड आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेली नाहीत.

त्याकाळी मार्कांचा मोठा हिस्सा बर्फावर इंग्रजी ८ च्या आकाराच्या रेषा काढण्याला असायचा. जज अक्षरशः वाकून त्या रेषा तपासायचे. सोन्याने या रुक्ष खेळात नाच आणला. आखूड स्कर्ट, पांढरे बूट हे तिच्यामुळेच लोकप्रिय झालं.

आता येऊ मूळ विषयाकडे.

१९३६ चं ऑलिम्पिक होतं जर्मनीत, हिटलरच्या राज्यात. त्याच्या आधी बर्लिनमधल्या एका शोमध्ये सोन्याने हिटलरला नाझी सॅल्युट केला. नॉर्वेच्या पेपरांनी तिला झोडपून काढलं. पण गोल्ड जिंकल्यावर ती हिटलरच्या घरी जेवायलाही गेली आणि त्याचा सही केलेला फोटो घेऊन आली. चाहत्यांसमोर केलेला सॅल्युट भोळेपणा म्हणून सोडून देताही आला असता. घरी जेवायला जाणं तसं सोडून देता येत नाही.

त्याच वर्षी ती प्रोफेशनल झाली आणि अमेरिकेला गेली. लॉस एंजेलिसमध्ये आईस शो केला, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने साईन केलं आणि 'वन इन अ मिलियन' हिट झाला. काही वर्षांतच ती हॉलिवूडच्या सगळ्यात महागड्या स्टार्सपैकी एक होती. पैशाच्या बाबतीत पक्की व्यवहारी! सिनेमापेक्षा जास्त कमाई तर तिचे आईस शो करून द्यायचे.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि पुढची पाच वर्षं देश नाझींच्या ताब्यात गेला. लोकांची घरं जप्त होत होती. हेनी कुटुंबाच्या घराला मात्र धक्का लागला नाही. सांगतात की, तिथं हिटलरचा तो फोटो दिसेल असा ठेवला होता. १९४१ ला सोन्या अमेरिकेची नागरिक झाली. नॉर्वेच्या लढ्याला तिने मदत केली नाही, हा राग लोकांच्या मनात युद्ध संपल्यावरही राहिला.

पन्नाशीच्या दशकात ती शो घेऊन ओस्लोला आली, तेव्हा तिकिटं घ्यायला गर्दी उसळली. राग धरणारेही होतेच.

तिसरं लग्न तिने नॉर्वेचे जहाजमालक नील्स ऑनस्टाड यांच्याशी केलं. दोघांनी मॉडर्न आर्टचा मोठा संग्रह जमवला आणि १९६८ ला ओस्लोजवळ त्याचं म्युझियम उघडून ते देशाला दिलं. तेव्हा तिला ल्युकेमिया झालेला होता. १२ ऑक्टोबर १९६९ ला पॅरिसहून ओस्लोला येताना विमानातच ती गेली. वय ५७.

म्युझियमच्या वरच्या टेकडीवर तिची कबर आहे. तिची मेडल्स आणि ट्रॉफ्या खाली त्याच म्युझियममध्ये बघायला मिळतात.