दोनपर्यंत कचेरी, रात्री कथा

लाकूड रंधण्याच्या यंत्रात पूर्वी चौकोनी दांडा असे. त्याच्या कडांना पाती लावलेली असत. दांडा मिनिटाला काही हजार फेरे घेई, आणि दांडा व टेबल यांच्यामध्ये बरीच मोठी फट राही. फळी पुढे सरकवताना हात घसरला की बोटं त्या फटीत जात. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी थाटाच्या अहवालात बोहेमिया प्रांतातल्या एका विमा अधिकाऱ्याने यावर उपाय सांगितला. चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा वापरा, म्हणजे फट अरुंद होते आणि हात सापडलाच तरी जखम वरवरची राहते. सोबत यंत्राच्या आकृत्या होत्या, आणि बोटं गमावलेल्या हातांची चित्रंही.

हा अधिकारी म्हणजे डॉ. फ्रान्झ काफ्का. ‘डॉक्टर’ कायद्यातला. एका सकाळी जागं झाल्यावर किडा झालेल्या माणसाची गोष्ट ज्याने लिहिली तोच हा. त्या गोष्टीतला ग्रेगोर साम्सा फिरता विक्रेता आहे. अंगाला नवे पाय फुटलेत, पाठीचं कवच झालंय, आणि त्याला काळजी कसली, तर कामाची गाडी चुकली याची! नोकरी न केलेल्या लेखकाला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३चा, प्रागमधला. वडिलांचं फॅन्सी मालाचं दुकान, त्यामुळे घरात व्यवहार आधी. १९०६ साली कायद्याची पदवी पदरात पडली. पुढच्या वर्षी त्याने एका खासगी विमा कंपनीत नोकरी धरली, पण तिथे संध्याकाळपर्यंत जुंपून घेत. लिहायला वेळच उरेना. नऊ-दहा महिन्यांत ती सोडून जुलै १९०८मध्ये तो कामगार अपघात विमा संस्थेत गेला. इथली वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन. पुढची चौदा वर्षं तो याच संस्थेत होता.

दोनला सुटायचं, घरी जेवायचं, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत झोपायचं. उठल्यावर उघड्या खिडकीशी व्यायाम, थोडं फिरणं, घरच्यांबरोबर जेवण. रात्री साडेदहा-अकराला घर शांत झालं की टेबलाशी बसायचं, ते एक-दोन वाजेपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत. सकाळी आठला पुन्हा कचेरी. सप्टेंबर १९१२मध्ये ‘द जजमेंट’ ही कथा त्याने एका बैठकीत, रात्री दहा ते सकाळी सहा अशी लिहून काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात किड्याची गोष्ट ऐन भरात असताना कचेरीच्या कामासाठी गावाला जावं लागलं. लय तुटली. गोष्टीचा शेवट त्यामुळे बिघडला, अशी खंत त्याला कायम राहिली.

शरीराचं म्हणाल, तर त्याला झोप कधीच नीट लागली नाही. डोकेदुखी, अपचन, आवाजाचा कमालीचा त्रास. शेजारच्या खोलीतलं बोलणंसुद्धा त्याला छळायचं. उपायही तो स्वतःच शोधी. मांसाहार सोडला. हॉरेस फ्लेचर नावाच्या अमेरिकन गृहस्थाचं तेव्हा फॅड होतं: प्रत्येक घास पातळ होईस्तोवर चावायचा. काफ्का तसा चावत बसे आणि समोर वडील ते बघवेना म्हणून वर्तमानपत्र तोंडापुढे धरत. डॉक्टरांच्या औषधांवर त्याचा विश्वास कमीच.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १९११ साली मेहुण्याबरोबर तो एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात भागीदार झाला होता. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसांसाठी किती घातक असतात हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या आजाराशी या कारखान्याचा संबंध जोडायला आधार नाही. पण १९१२च्या शरद ऋतूत घरच्यांनी दुपारची वेळ कारखान्यात देण्याचा तगादा लावला, तेव्हा लिहिण्याचे होते तेवढे तासही जाणार या धास्तीने त्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले. मॅक्स ब्रॉड या मित्राने ते ओळखलं आणि परस्पर त्याच्या आईला पत्र लिहिलं. आईने गुपचूप तोड काढली. ब्रॉडही लेखक, आणि पोटापाण्यासाठी टपाल खात्यात. अशा मित्राला दुसऱ्याच्या मनातली घालमेल लवकर कळत असावी.

नोकरीला काफ्काने आयुष्यभर शिव्या घातल्या, पण काम चोख केलं. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करायची, विम्याचा हप्ता चुकवणाऱ्या मालकांशी भांडायचं, अपिलांची उत्तरं लिहायची. बढत्या वेळेवर मिळत गेल्या. महायुद्ध लागलं तेव्हा त्याच्यावाचून आपलं अडेल असं संस्थेने लष्कराला कळवलं, आणि तो आघाडीवर जाण्यापासून वाचला. आघाडीवरून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेल्या सैनिकांचं काम संस्थेकडे आलं. अंगावर जखम नाही, पण थरथर थांबत नाही, अशी ही माणसं. त्यांच्यासाठी मज्जाविकारांचं रुग्णालय उभं राहावं म्हणून १९१६मध्ये काफ्काने जाहीर आवाहनं लिहिली. आघातानंतरच्या मनोविकाराला आज आपण नाव देतो. तेव्हा अनेक डॉक्टरांना ही निव्वळ ढोंगं वाटत.

ऑगस्ट १९१७. तो चौतीस वर्षांचा होता, नुकताच दुसऱ्यांदा साखरपुडा झालेला. एका पहाटे तोंडात काही वेगळंच लागलं म्हणून तो उठला. रक्त होतं. बराच वेळ थांबेना. थांबल्यावर मात्र त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. पहिल्या डॉक्टरांनी श्वासनलिकेचा दाह म्हणून वेळ मारून नेली. ब्रॉडच्या आग्रहाखातर तो एका प्राध्यापक-डॉक्टरांकडे गेला तेव्हा निदान झालं: दोन्ही फुफ्फुसांच्या टोकांना विकार. क्षयच.

इथे काफ्काने जे केलं ते वैद्यकीयदृष्ट्या चूक होतं, पण माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. हा आजार जंतूंचा नाही, लग्न, नोकरी आणि लेखन यांच्या ओढाताणीने मन थकलं आणि त्याने फुफ्फुसांना मध्ये ओढलं, असं त्याने ठरवून टाकलं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२मध्येच दाखवला होता. आणि युद्धातल्या प्रागमध्ये पोटभर अन्न नव्हतं, कोळसा नव्हता, कित्येक युरोपीय शहरांत क्षय वाढत होता. हा जंतू शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढतो. त्यासाठी मनाच्या अपराधाची गरज नसते. आजही क्षयाचं निदान झालेले अनेक रुग्ण डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘माझं काय चुकलं?’ हाच विचारतात. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

काफ्काला मात्र आजारात सुटकाही दिसली. साखरपुडा मोडायला कारण मिळालं. नोकरी सोडायलाही मिळेल असं वाटलं. त्याने निवृत्ती मागितली, पण संस्थेने पगारी रजा दिली. धाकटी बहीण ओटला खेड्यात शेती बघत होती, तिच्याकडे तो आठ महिने राहिला. वजन वाढलं. आईवडिलांना कित्येक आठवडे खरं कारण सांगितलंच नाही. आता भरपूर वेळ होता, पण या आठ महिन्यांत मोठी कथा एकही झाली नाही. छोटी छोटी चिंतनं तेवढी लिहून झाली. आजारपणातला मोकळा वेळ हा खरा मोकळा वेळ नसतो. ताप, घाम आणि थकवा त्यातला मोठा वाटा आधीच उचलून नेतात.

१९१८च्या ऑक्टोबरात स्पॅनिश फ्लूने त्याला गाठलं. तो तापाने फणफणून पडला असताना बाहेर साम्राज्य कोसळलं आणि चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. संस्थेत जर्मन भाषक वरिष्ठ गेले, कारभार चेकमध्ये होऊ लागला. काफ्काची चेक चांगली होती, तो राहिला. त्यानंतर रजा, आरोग्यधाम, पुन्हा कचेरी, पुन्हा रजा असंच चालू राहिलं. उपचार म्हणजे स्वच्छ हवा, दूध-लोणी आणि पडून राहणं. जुलै १९२२मध्ये अखेर निवृत्तिवेतन सुरू झालं. ‘द कॅसल’ ही कादंबरी त्याच वर्षी सुरू झाली आणि अर्धवटच राहिली.

सप्टेंबर १९२३मध्ये तो डोरा डायमंटबरोबर बर्लिनला राहायला गेला. आईवडिलांचं शहर सोडून स्वतःचं बिऱ्हाड, तेही चाळिशीत. पण जर्मनीत महागाईने कहर केला होता. खोली गरम ठेवणंही परवडेना. मार्चमध्ये त्याला प्रागला परत आणावं लागलं. तिथे त्याने शेवटची कथा लिहिली, गाणाऱ्या उंदरिणीची. लिहीत असतानाच घशात जळजळ सुरू झाली.

क्षय स्वरयंत्रात उतरला होता. खोकल्याच्या बेडक्यातले जंतू तिथल्या नाजूक आवरणावर बसतात, व्रण होतात, गिळताना अन्न श्वासमार्गात जाऊ न देणारी झडप सुजते. पाण्याचा घोटही सुरीसारखा लागतो. व्हिएन्नात प्राध्यापक हायेक यांच्या दवाखान्यात निदान पक्कं झालं. आदल्याच वर्षी सिग्मंड फ्रॉईड यांच्या तोंडातली गाठ याच हायेक यांनी काढली होती. सुमारे सहा फूट उंचीच्या काफ्काचं वजन हिवाळी कपड्यांसह ४९ किलो भरलं. व्हिएन्नाजवळ कीरलिंगच्या छोट्या आरोग्यधामात त्याला हलवलं. स्वरयंत्राच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूत अल्कोहोल टोचून तो बधिर करायचा, एवढाच उपाय हाताशी होता. आराम टिकला तर काही दिवस. बोलायचं नाही असा हुकूम होता, म्हणून तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचा. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३मध्ये सापडलं. आज स्वरयंत्राचा क्षयही साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

मे महिन्यात प्रकाशकाकडून नव्या पुस्तकाची मुद्रितं आली. शीर्षककथा होती ‘अ हंगर आर्टिस्ट’, लोकांसमोर उपाशी राहून दाखवणाऱ्या माणसाची. ती दोन वर्षांपूर्वीच लिहून झाली होती. आता घास उतरत नाही अशा अवस्थेत, उशांना टेकून, तो तिची मुद्रितं तपासत होता. जवळ डोरा होती आणि रॉबर्ट क्लॉपस्टॉक हा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी, आरोग्यधामातच भेटलेला मित्र. तपासून झाल्यावर काफ्का बराच वेळ रडला, असं क्लॉपस्टॉक सांगत.

३ जून १९२४ला तो गेला. एक्केचाळीस पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. पुस्तक त्या उन्हाळ्याच्या अखेरीस निघालं. बाकीची हस्तलिखितं जाळून टाक असं त्याने ब्रॉडला लिहून ठेवलं होतं. ब्रॉडने ती जाळली नाहीत.